पाच नंबरच्या पिअरवरची सही

मला उंचीची भीती वाटते आणि मी पूल बांधते. हसायचं असेल तर हसून घ्या. मीही पुष्कळदा हसले आहे, पण जमिनीवर उभी राहून. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कपडे वाळत घालताना मी कठड्यापासून हातभर लांब उभी राहते आणि चादर दोरीवर अक्षरशः भिरकावते. आई म्हणायची, "एवढी शिकलीस आणि एक चादर सरळ घालता येईना तुला." तिला खरं कारण माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं, कारण मी सांगितलंच नव्हतं.

आता कुणी विचारेल, मग झक मारायला पुलाच्या कामात कशाला आलीस? तर सांगते. कॉलेजात पूल कागदावर असतो आणि कागद टेबलावर असतो. मला त्या रेषा आवडल्या, हिशोब आवडला, एवढा भार इथून तिथे कसा जातो ते आवडलं. वडील अंबडच्या कारखान्यात लेथवर होते, त्यांना मुलगी इंजिनिअर झाली याचंच अप्रूप. पहिली नोकरी लागली तेव्हा सिडकोतल्या आमच्या वसाहतीत जयंतीच्या कार्यक्रमात मला स्टेजवर बोलावून शाल दिली आणि माईकवर सांगितलं की ही आपली पोर आता गोदावरीवर पूल बांधणार आहे. टाळ्या वाजल्या. स्टेज चार फुटांचं होतं, तेवढं मला चालतं. त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगणार होते, की बाबांनो, मला वर चढता येत नाही?

हा पूल शहराच्या खालच्या अंगाला, वळणरस्त्यासाठी चाललेला. दोन्ही काठ उंच, त्यामुळे मधले खांब, म्हणजे आमच्या भाषेत पिअर, पंचावन्न फुटांपर्यंत गेलेले. असे सात. प्रत्येक पिअरच्या डोक्यावर काँक्रीटची एक जाड आडवी तुळई असते, तिला पिअर कॅप म्हणतात. कॅपवर चार जागी बेअरिंग, म्हणजे टेकणीच्या जाड गाद्या, बसतात आणि बेअरिंगवर शंभर-शंभर टनांचे गर्डर, म्हणजे रस्ता पेलणाऱ्या लांब तुळया. एवढं ओझं जिथे टेकतं, तिथे काँक्रीट तडकू नये म्हणून आत सळयांची बारीक विणीची जाळी घालतात. चार बेअरिंग, चार जाळ्या. या गोष्टीत एवढंच तांत्रिक आहे, आणि एवढंच लक्षात ठेवायचं आहे: त्या जाळीवर सगळं उभं असतं, आणि एकदा काँक्रीट पडलं की ती कुणाला दिसत नाही.

म्हणून काँक्रीट टाकण्याआधी पोअर कार्ड भरतात. म्हणजे परवानगीचा कागद. सळया बरोबर, जाळ्या बरोबर, टाका काँक्रीट, असं लिहून इंजिनिअर सही करतो. ही सही मी करायची. सल्लागार कंपनीचा माणूस माझी सही बघून खाली आपली ठोकायचा. तो काही वर चढत नसे. त्याला भीती नव्हती, कंटाळा होता.

पहिल्याच पिअरला मी शिडीला हात घातला. सरळ उभी लोखंडी शिडी, भोवती गोल पिंजरा, आणि मध्ये थांबायला दोन ठिकाणी फळ्या. पहिल्या फळीपर्यंत गेले. तिथून खाली बघितलं आणि माझी पाचावर धारण बसली. हातांना घाम फुटला, कानात नुसता वारा. वरही जाता येईना, खालीही. किती वेळ तशी उभी होते कोण जाणे. तेवढ्यात वरून आमचे सुपरवायझर उतरत आले.

त्यांना सगळी साइट चाचा म्हणायची. मालेगावकडचे, साठीला टेकलेले, मेंदी लावलेली दाढी, आयुष्य सळया बांधण्यात गेलेलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग खालच्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मॅडम, ऑफिसमधून तुमचा अर्जंट फोन है म्हणे. तुम्ही जा, वरचं मी बघतो." मग माझ्या खालच्या पायरीवर येऊन, एकेक पाऊल सांगत त्यांनी मला उतरवलं. फोनबिन काही नव्हता. खाली आल्यावर त्यांनी तो विषयही काढला नाही. अर्ध्या तासाने माझ्या व्हॉट्सअॅपवर वरचे सहा फोटो आले. चारही जाळ्या स्वच्छ दिसत होत्या. मी सही केली.

मग तसंच चालू राहिलं. दुसरा पिअर, तिसरा, चौथा. चाचा फोटो पाठवायचे, मी झूम करकरून सळया मोजायची, शंका आली तर फोन करायची, आणि सही. मी स्वतःची समजूत घातली होती की हे डोळ्यांनी बघण्याइतकंच आहे, किंबहुना जास्त चांगलं. काय एकेक पटवून घेतो माणूस स्वतःला! आणि चाचांनी कधी एका शब्दानं मला कमीपणा आणला नाही. उलट कुणी विचारलं, मॅडम वर का नाही येत, तर म्हणायचे, "मॅडमला खालून सगळं दिसतं." पोरं हसायची, मीही हसायची.

पाच नंबरच्या कॅपचं काँक्रीट मे महिन्यात, ऐन उन्हात पडलं. पंप येऊन उभा, काँक्रीटच्या गाड्या रांगेत, उशीर झाला तर माल गाडीतच घट्ट व्हायचा. मी खालून चाचांच्या मागे लागले, "फोटो पाठवा, फोटो पाठवा." जरा वेळाने फोटो आले. मी बघितले, सही केली, पंप सुरू झाला. मग काम चालू असताना मला राहवेना. वरचं काही दिसत नव्हतं, नुसती पंपाची घरघर. मी चाचांना फोन लावला आणि लेव्हल काय आली, कोपऱ्यात माल नीट बसतोय ना, सळया हलल्या नाहीत ना, असं सगळं खोदून खोदून विचारलं. पंपाच्या आवाजात त्यांना ऐकू येईना, तर एका टोकाला जाऊन, दुसऱ्या कानात बोट घालून बोलत होते बिचारे. बराच वेळ धरून ठेवलं मी त्यांना. संध्याकाळी कॅप भरली, सगळ्यांनी चहा घेतला, मी घरी गेले.

तीन आठवड्यांनी, एका शनिवारी दुपारी, मी फाइल लावत बसले होते. सोमवारी मोठी क्रेन येणार होती आणि चौथ्या-पाचव्या पिअरवर गर्डर चढणार होते. त्याआधी प्रत्येक पोअर कार्डाला त्याचे फोटो जोडायचे होते. चार नंबरचे फोटो प्रिंट काढले, पाच नंबरचे काढले, शेजारी शेजारी ठेवले. चार नंबरच्या फोटोत एका सळईवर कुणाचा तरी हातमोजा राहिला होता, एक बोट दुमडलेला. पाच नंबरच्या फोटोतही होता. तीच सळई, तेच दुमडलेलं बोट.

पुन्हा बघितलं. सगळेच्या सगळे फोटो तेच होते. मी ज्यावर सही केली होती तो पाच नंबर नव्हताच. पाच नंबरच्या पोटात काय आहे हे मी कधी पाहिलंच नव्हतं, ना डोळ्यांनी, ना फोटोत.

चाचांना ऑफिसात बोलावलं. दार लावलं. दोन्ही कागद समोर ठेवले आणि विचारलं, "चाचा, हे काय आहे?"

त्यांनी चष्मा लावून बघितलं. लपवाछपवी त्या माणसाच्या रक्तातच नव्हती. "मॅडम, त्या दिवशी उन्हात फोन एवढा तापला होता, कॅमेराच उघडेना. तुम्ही खालून घाई करत होता. म्हटलं, स्टील तर सेम टू सेम है, चारचेच टाकून देतो. गलती झाली."

"फोटोचं मरू दे. जाळ्या? चारही टाकल्या होत्या?"

"टाकल्या ना. मी स्वतः बांधून घेतल्या."

"आणि काँक्रीट पडलं तेव्हा चारही जागेवर होत्या?"

चाचांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "असतील, मॅडम."

त्या "असतील"ने माझ्या तोंडचं पाणी पळवलं. चाचा कधी असतील-बिसतील म्हणत नसत. आहे तर आहे, नाही तर नाही.

ते म्हणाले, मी आत्ता वर जाऊन बघतो. पण वर जाऊन काय बघणार? वर गुळगुळीत काँक्रीट. आतली सळई शोधायला स्कॅनर लागतो, काँक्रीटवरून फिरवायचा डबा, खाली लोखंड आलं की पीप वाजतो. तो वापरायला साइटवर एकटी मी शिकले होते. आणि खरं सांगू? चाचांनी वरून "सब ठीक है" म्हटलं असतं, तरी आता माझा विश्वास बसला नसता. त्यांच्यावर नाही, माझ्यावर. मला ते ऐकायचं होतं म्हणून मी ऐकलं असतं.

घरी आईने ताट वाढलं तर घास उतरेना. "तोंड का उतरलंय गं?" म्हणाली. काही नाही म्हटलं. डोळ्यांसमोर एकच चित्र: गर्डर बसलेत, वरून गाड्या चालल्यात, आणि बेअरिंगखालून एक केसाएवढी चीर निघून हळूहळू खाली सरकतेय. ती चीर मी शंभर वेळा पाहिली असेल. आणि त्याच्या जोडीला दुसरी भीती, ती तर सांगायलाही लाज वाटते: वर चढायची. इकडे पूल पडायची भीती आणि तिकडे शिडीची, आणि शिडीची जरा जास्तच. असं कसं असू शकतं माणूस? पण होते मी तशी.

रविवारी सकाळी आठला पाच नंबरच्या खाली उभी राहिले. साइटवर तुरळक माणसं. कमरेला सेफ्टी बेल्ट, पाठीवर पिशवीत स्कॅनर. चाचा म्हणाले, "मी मागे है मॅडम. खाली बघायचं नाही. हातापुरतंच बघायचं. एक हात, एक पाय."

पहिल्या फळीपर्यंत रागाच्या भरात गेले. राग कोणाचा, तर स्वतःचा. फळीवर बसले आणि सगळा राग उतरला, नुसती भीती राहिली. दात वाजत होते, मे महिन्यात! मी चाचांना म्हणाले, "नाही जमणार. उतरवा मला." चाचा उतरायला लागले नाहीत. दोन पायऱ्या खाली शिडीला धरून तसेच उभे. त्या वयाचा माणूस माझ्यासाठी पिंजऱ्यात लटकून उभा आहे, याची मला इतकी शरम वाटली की मी उठले. पुढच्या प्रत्येक पायरीला मी मोठ्याने आकडे म्हणत होते, बालवाडीतल्या पोरासारखे. दोनदा आकडे चुकले. एकदा हात सुटल्यासारखं झालं आणि मी "आई गं" म्हणून किंचाळले. खालून चाचांचा आवाज आला, "है, है, मी है."

वर कॅपच्या कडेने लाकडी फळ्यांचा अरुंद रस्ता होता. मी चार पायांवर त्यावर सरकले. तिथे काँक्रीटला पाणी मारणारी बाई होती, पेठ तालुक्याकडची, रोज पाइप खांद्यावर टाकून ही शिडी चढणारी. तिने माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावला, पण हसली नाही. म्हणाली, "बाई, तिथं पाय नको टाकू, फळीला भोक हाय. या जाळीवर टाक."

मी तिच्या जाळीवर हात टेकला आणि तशीच राहिले.

फळीतल्या भोकावर तिने सळयांची एक चौकोनी जाळी झाकण म्हणून टाकली होती. बारीक विणीची. कोपऱ्यांवर बांधलेली तार अजून होती. गंजून लाल झालेली. मला ती मोजायची गरज नव्हती, पण मी मोजली. दोन्हीकडून बरोबर भरली. ही बेअरिंगखालची जाळी होती. ती काँक्रीटच्या आत असायला हवी होती आणि तीन आठवडे इथे उघड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाखाली पडून होती. कुणी ओळखली नाही, कारण काँक्रीट पडल्यावर चाचा पुढच्या पिअरवर गेले होते आणि आता इथे येणाऱ्यांपैकी ओळखण्याचं काम कुणाचंच नव्हतं. ते माझं होतं, आणि मी येत नव्हते.

चाचा वर आले. त्यांनी जाळी बघितली आणि खालीच बसले. टोपी काढली. "या अल्ला," एवढंच म्हणाले. बाई घाबरून म्हणाली, "मी नाय काढली हो, हितंच पडलेली व्हती."

मग मी स्कॅनर काढला. खाली पडू नये म्हणून तो पट्ट्याने मनगटाला बांधून घेतला. पहिल्या बेअरिंगची जागा: पीप, पीप, पीप, जवळजवळ. दुसरी तशीच. तिसरी तशीच. चौथ्या जागी फिरवला, फिरवला. लांब कुठेतरी एक पीप, मग शांत, मग हातभर पुढे दुसरी. ती खालची मुख्य सळई. जाळी नव्हती.

"आठवलं," चाचा हळूच म्हणाले. "पंपाचा पाइप आत जाईना. चौथ्या जागेची जाळी काढायला मीच सांगितलं. माल भरत आला की परत बसवायची. नेहमीच करतो असं. भरत आला, आणि तेव्हाच..."

"तेव्हाच काय?"

"काही नाही. राहिली."

मी खिशातून मोबाइल काढला आणि त्या दिवशीचा माझा कॉल शोधला. मग कुठली जागा कधी भरली ते काँक्रीटच्या वहीतून आठवलं, ती वही मीच लिहिली होती. चौथी जागा भरत होती तेव्हा चाचा टोकाला, कानात बोट घालून, सळया हलल्या नाहीत ना, या माझ्या प्रश्नाचं उत्तर देत होते. त्यांच्या पाठीमागे पोरांनी थापी फिरवून टाकली.

"चाचा, माझा फोन होता तेव्हा."

"फोन तर येतच राहतात, मॅडम," ते म्हणाले. "राहिली. बस."

त्याच उन्हात मी चार नंबरही चढले. तिथल्या चारही जागा बरोबर होत्या. उतरून थेट साइटच्या मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले; क्रेनच्या तयारीसाठी ते रविवारीही आले होते. माझं तोंड बघून त्यांना वाटलं ऊन लागलं, पाणी मागवलं. मी सगळं सांगितलं. क्रेन थांबली. चौथ्या जागेचं काँक्रीट फोडलं, जाळी घातली, नवीन भरलं. पाच नंबर पक्का झाला. इथपर्यंत सगळं बरं झालं असं म्हणता येईल.

मग चौकशी. लांब टेबल, सहा जण. चाचा उभे राहून म्हणाले, "गलती माझी. जाळी मी काढायला लावली, फोटो मी चुकीचा टाकला. मॅडमचा काही संबंध नाही." मी म्हणाले, "संबंध आहे. मी वर चढले नव्हते. मला उंचीची भीती वाटते, म्हणून मी कधीच चढत नव्हते. आणि जाळी राहिली तेव्हा यांना मी फोनवर अडकवून ठेवलं होतं." आयुष्यात पहिल्यांदा हे बोलले, तेही सहा परक्या माणसांसमोर. एकाने पेनाचं टोपण लावलं. अहवालात आलं: सुपरवायझरचं दुर्लक्ष. चाचांना कामावरून कमी केलं.

मी साहेबांकडे जाऊन भांडले. चांगली तावातावाने भांडले. म्हटलं, मला काढा, नाहीतर दोघांना काढा, नाहीतर दोघांना ठेवा. साहेब शांतपणे म्हणाले, "अहो, जरा डोकं वापरा. तुम्ही न बघता सही केली म्हणून तुम्हाला काढलं, तर तुमच्या आधीच्या सह्यांचं काय? एक, दोन, तीन नंबरवर गर्डर चढलेत. ते सगळं उकरायचं का आता? तुमची सही खरी आहे. खरीच राहिली पाहिजे."

मला वाटलं होतं, भीती संपली. ती तर आता सुरू झाली. एक, दोन, तीन! त्यांचे फोटो खरे होते, मी पुन्हा पुन्हा तपासले. पण फोटो काँक्रीटच्या आधीचे. पंपाचा पाइप घालायला जाळी काढायची ती त्यानंतर. "नेहमीच करतो असं," चाचा म्हणाले होते.

त्यांच्या शेवटच्या दिवशी मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेले. एक पत्र्याची पेटी आणि एक पिशवी. मी विचारलं, "चाचा, खरं सांगा. पहिल्या तिन्हींच्या जाळ्या परत बसवल्या होत्या?"

त्यांनी पेटी खाली ठेवली. "वाटतं तर असंच, मॅडम, की बसवल्या. पण पाचलाही मला तसंच वाटत होतं."

दुसऱ्या दिवशी मी पत्र लिहिलं. एक, दोन आणि तीन नंबरच्या पोअर कार्डांवर माझी सही आहे, मी प्रत्यक्ष वर जाऊन पाहणी केलेली नाही, गर्डर उचलून तपासणी व्हावी. खाली पूर्ण सही. साहेबांनी वाचलं आणि घडी घालून मला परत दिलं. "हे मी पाहिलेलं नाही," म्हणाले. मी त्याची प्रत सल्लागार कंपनीला आणि सरकारी बांधकाम खात्याला पाठवली. पाठवताना मी शिडीवरच्यासारखे मोठ्याने आकडे म्हटले. त्या दिवसापासून ऑफिसात माझ्याशी कुणी चहाला बसेना. आईला सांगितलं, बहुतेक नोकरी जाईल. ती म्हणाली, "जाऊ दे. पण त्या पुलावरून लोकं जाणार ना गं?" आणि उठून भाजी निवडायला लागली.

शेवटी खात्यानेच तपासणीचा आदेश काढला आणि गर्डर जॅक लावून वीतभर उचलले, एकेक पिअर करत. दर वेळी वर मी होते. बेअरिंग सरकवून काढायचं, आणि त्या फटीत पालथं पडून, खांद्यापर्यंत हात आत घालून स्कॅनर फिरवायचा. डोक्यावर शंभर टन लोंबकळतंय, खाली पंचावन्न फूट. भीती कमी होते असं सांगतात, सवयीने. माझी झाली नाही. रोज पहिल्या फळीवर बसून मी आकडे म्हणायची. पण त्याहून मोठी भीती पीप ऐकू न येण्याची होती. प्रत्येक जागेला मी श्वास धरून बसायची.

तीन पिअर, बारा जागा. बाराच्या बारा बरोबर निघाल्या. चाचांनी एकही जाळी चुकवली नव्हती. आयुष्यभर जाळ्या काढत आणि परत बसवत आलेला माणूस. चुकली ती एकच, ज्या दिवशी मी त्यांना फोनवर धरून ठेवलं होतं त्या दिवशीची.

शेवटच्या जागेचा पीप ऐकल्यावर मी वरूनच त्यांना फोन लावला. मागे लोखंड कापायच्या मशीनचा आवाज येत होता. मालेगावला भाच्याच्या खिडक्या-ग्रिलच्या दुकानात बसत होते.

"चाचा, तिन्ही तपासले. बाराच्या बारा जाळ्या आहेत."

मशीन बंद झालं. मग एकदम पोरासारखे म्हणाले, "अरे वा! मग मॅडम, आता मला परत बोलावतील?"

मी साहेबांना दोनदा विचारून झालं होतं. अहवाल बंद झालाय, म्हणाले होते. मी कठडा धरला. पत्र पाठवताना, शिडी चढताना, गर्डरखाली हात घालताना वाटली नव्हती एवढी भीती मला त्या उत्तराची वाटली.

"नाही, चाचा," मी म्हणाले. "मला ठेवलंय."

"चांगलं झालं, मॅडम," चाचा म्हणाले. आणि ते मनापासून म्हणत होते.